किती टक्के माणूस?

आजचा विषय पत्रिकेवर ‘मानव-प्राणी संकर-भ्रूण आणि नीती’ असा छापला आहे. त्यातल्या ‘संकर’ या शब्दापासूनच सुरुवात करू. आपल्या भाषेत हा शब्द दोन घरी नांदतो. शेतकऱ्याच्या घरी तो बियाण्याच्या पिशवीवर असतो: संकरित ज्वारी, संकरित गाय. हायब्रीड ज्वारीच्या भाकरीला गावरान चव नाही ही कुरकुर आमच्या पिढीने पुष्कळ ऐकली, पण ती पेरणं पाप आहे असं कुणी म्हणत नसे. दुसरं घर धर्मशास्त्राचं. तिथे संकर म्हणजे वर्णसंकर, आणि त्याचा शेवट थेट नरकात. ज्या वादाची आज आम्ही चिकित्सा करणार आहोत तो इंग्लंडात झाला, इंग्रजीत झाला, पण त्यातली माणसंही याच दोन घरांत वाटली गेली होती. काही दुधाचा हिशेब मांडत होती, काही नरकाची भीती घालत होती. आमच्या मते दोघांचाही प्रश्नच चुकला होता.

आधी घडलं काय ते सांगतो. २००६ च्या अखेरीस ब्रिटनमधल्या दोन संशोधक-गटांनी, एक न्यूकॅसल विद्यापीठातला आणि दुसरा लंडनच्या किंग्ज कॉलेजचा, तिथल्या मानवी प्रजनन व भ्रूणविषयक प्राधिकरणाकडे परवाना मागितला. करायचं होतं ते असं. गाईच्या बीजांडातलं केंद्रक काढून टाकायचं. त्या रिकाम्या जागी माणसाच्या पेशीचं केंद्रक बसवायचं. विजेचा हलका धक्का दिला की बीजांडाला वाटतं आपलं फलन झालं, आणि ते विभागू लागतं. काही दिवसांनी त्यातून मूलपेशी काढायच्या. केंद्रक पार्किन्सनच्या किंवा अल्झायमरच्या रुग्णाचं असेल, तर त्या मूलपेशींपासून त्याच रोगाच्या चेतापेशी काचेच्या बशीत वाढवता येतील, रोग कसा सुरू होतो ते बघता येईल, औषधं तपासता येतील. असा तो बेत होता.

गाय कशाला? माणसाचं बीजांड का नको? कारण स्त्रीबीज सहज मिळत नाही. त्यासाठी बाईला दहाबारा दिवस हार्मोनची इंजेक्शनं घ्यावी लागतात, मग सुईने बीजं काढतात, आणि काही जणींना त्याचा गंभीर त्रास होतो. दक्षिण कोरियात ह्वांग वू-सुक यांचं जे प्रकरण २००५-०६ मध्ये उघडकीला आलं, त्यात दोन हजारांहून अधिक स्त्रीबीजं वापरली गेली होती आणि दावा केलेली एकही मूलपेशी-मालिका खरी निघाली नाही. गाईचं बीजांड मात्र कत्तलखान्यात टाकून दिलेल्या अंडाशयातून हवं तेवढं मिळतं. (गाय आणि कत्तलखाना एका वाक्यात आल्यावर सभागृहात चुळबुळ होणार हे आम्हाला ठाऊक होतं. होऊ द्या.) या वादात बाईच्या शरीराची काळजी करणारा हा एकच युक्तिवाद होता आणि तो चांगला होता. पुढे गदारोळात तो मागे पडला याचं आम्हाला वाईट वाटतं. आपल्याकडे २०२१ च्या कायद्याने दात्या स्त्रीकडून आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त सात बीजं घेता येतील असं ठरवलं. असा आकडा कायद्यात का घालावा लागतो, ते ज्याचं त्याने समजून घ्यावं.

सरकारने आधी, डिसेंबर २००६ च्या श्वेतपत्रिकेत, असे भ्रूण बनवण्यावर बंदी सुचवली. शास्त्रज्ञ चवताळले. सरकारने पवित्रा बदलला. जानेवारी २००८ मध्ये दोन्ही गटांना परवाने मिळाले. त्याच वर्षी ईस्टरला स्कॉटलंडच्या कार्डिनल कीथ ओब्रायन यांनी प्रवचनात फ्रँकेन्स्टाइनचं नाव घेतलं. दुसऱ्या बाजूने दोनशेहून अधिक रुग्ण-संघटनांनी खासदारांना पत्र लिहिलं. १९ मे २००८ ला हाउस ऑफ कॉमन्समध्ये संपूर्ण बंदीची दुरुस्ती मतांना टाकली गेली. बाजूने १७६, विरुद्ध ३३६. बंदी फेटाळली.

आता युक्तिवादांकडे येऊ. पहिला किळसेचा. हा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेत लिऑन कास यांनी १९९७ मध्ये, मानवी क्लोनिंगच्या संदर्भात, किळसेत एक शहाणपण असतं असं मांडलं: काही गोष्टी इतक्या खोलवर चुकीच्या असतात की त्यांची कारणं शब्दांत मांडता येण्याआधीच मन त्या झिडकारतं. मेरी मिजली या इंग्लिश तत्त्वज्ञ बाईंनी हीच गोष्ट अधिक जबाबदारीने सांगितली. भावना म्हणजे अडाणीपणा असं समजू नका, भावनेच्या पोटात कारण असू शकतं, पण ते बाहेर काढून तपासायला हवं. मिजलीबाईंशी आमचं भांडण नाही. आमचं भांडण आहे ते तपासण्याआधीच निकाल देणाऱ्या किळसेशी.

आणि इथे मराठी श्रोत्याने इंग्रज श्रोत्यापेक्षा जास्त सावध असलं पाहिजे. मिसळण्याची किळस म्हणजे काय, ते आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. एकाच विहिरीचं पाणी, एकाच पंगतीतलं पान, दोन जातींतलं लग्न. हजार वर्षं लोकांना याचीही आतून, मनापासून, कारण न सांगता किळस येत होती. ती किळस खोटी नव्हती, खरोखर पोटात ढवळत असणार. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये जातिनिर्मूलनावरच्या आपल्या न झालेल्या भाषणात रक्तशुद्धीच्या समर्थनाचा जो समाचार घेतला, तो ज्याने वाचला आहे त्याला ‘आम्हाला हे मनातूनच पटत नाही’ एवढ्या वाक्यावर कायदा करता येणार नाही.

पण किळसेची एक सुशिक्षित आवृत्ती आहे आणि तिच्यावर थोडं थांबायला हवं. २००३ मध्ये जेसन स्कॉट रॉबर्ट आणि फ्रान्स्वाज बेलिस यांनी एक निबंध लिहिला. तो पुष्कळ गाजला. ते म्हणतात, प्रजातींच्या सीमा निसर्गाने आखलेल्या पोलादी भिंती आहेत असं आम्ही म्हणत नाही. जीवशास्त्रज्ञांचंच ‘प्रजाती’च्या व्याख्येवर एकमत नाही. अडचण वेगळी आहे. आपले सगळे नैतिक व्यवहार ‘हा माणूस, तो प्राणी’ या विभागणीवर उभे आहेत. माणसाला मारलं तर खून, कोंबडीला मारलं तर रविवार. मधला जीव जन्माला आला, तर आपण त्याचं काय देणं लागतो हेच कळेनासं होईल. हा नैतिक गोंधळ समाजाला परवडणार नाही, म्हणून लोकांचा विरोध समजण्यासारखा आहे.

हे वाचताना आम्हाला सारखा गीतेचा पहिला अध्याय आठवत होता. अर्जुन काय म्हणतो? कुळं बुडाली, संकर झाला, की कुणी कुणाला पिंड द्यायचा हेच कळेनासं होईल. तोही माणसं अपवित्र होतील एवढंच म्हणून थांबत नाही. कर्तव्यांचा पत्ता हरवेल, ही त्याची भीती आहे. बरं, तिसऱ्या अध्यायात श्रीकृष्णही कर्म थांबलं तर संकर होईल असंच बजावतात, म्हणजे त्या भीतीला उत्तर मिळतच नाही. दोन हजार वर्षांच्या अंतराने कॅनडा-अमेरिकेतल्या दोन विचक्षण लेखकांनी तीच भीती धर्मनिरपेक्ष भाषेत मांडली. आमचा आक्षेप एवढाच, की गोंधळ हा दोष कुणाचा, हे आधी ठरवा. मिसळलेल्या जीवाचा, की आपल्या खान्यांचा?

आपल्या नैयायिकांनी या प्रश्नाचं एक सुरेख उत्तर देऊन ठेवलं आहे. उदयनाचार्यांनी सहा जातिबाधक सांगितले, त्यांतला एक ‘संकर’. दोन धर्म घ्या, भूतत्व आणि मूर्तत्व. मनात मूर्तत्व आहे, भूतत्व नाही. आकाशात भूतत्व आहे, मूर्तत्व नाही. पृथ्वीत दोन्ही. म्हणजे हे धर्म एकमेकांना छेदतात. मग नैयायिक काय म्हणतो? पृथ्वी भ्रष्ट झाली म्हणतो का? नाही. तो म्हणतो, या धर्मांना खरी ‘जाती’ मानू नका. दोष वर्गीकरणाच्या माथी मारायचा, वस्तूच्या नाही. तर्कशास्त्रात इतकं नेमकं बोलणारी मंडळी समाजात मात्र दुसरा संकर घेऊन बसली, हा आपला इतिहास. असो.

आता दुसरी बाजू, शास्त्रज्ञांची. विज्ञानाच्या बाजूला आहोत म्हणून त्यांचा युक्तिवाद आपण सोडून द्यायचा का? त्यांनी सांगितलं, घाबरू नका, हे भ्रूण ९९.९ टक्के मानवी आहेत. हिशेब असा: केंद्रकातली वीसेक हजार जनुकं माणसाची; गाईची फक्त तंतुकणिकांतली, ती सदतीस. म्हणजे गाय नावापुरती. जीवशास्त्र म्हणून ठीक आहे. पण नीतीचा युक्तिवाद म्हणून हा विचित्र आहे बघा. विरोधकाचं म्हणणंच असं, की तुम्ही मानवी भ्रूण बनवून नष्ट करता आहात. त्याला तुम्ही सांगता, काळजी करू नका, तो जवळजवळ पूर्ण मानवीच आहे! आणि जो ‘ही राक्षसी भेसळ आहे’ म्हणून ओरडतो, त्याची तुम्ही समजूत घालता की भेसळ फार थोडी आहे, म्हणजे भेसळ वाईट हे त्याचं गृहीतक मान्य करून टाकता. दुधात पाणी किती, यावर गवळी आणि गिऱ्हाईक वाद घालत होते.

हा टक्क्यांचा हिशेब मग कायद्यात शिरला. २००८ च्या ब्रिटिश कायद्याने या भ्रूणांना जे नाव दिलं त्याचा अर्थ ‘मानवी मिश्र भ्रूण’ असा होतो. त्याचे प्रकार सांगून झाल्यावर शेवटी एक सर्वसमावेशक कलम घातलं: ज्या भ्रूणात माणसाचा आणि प्राण्याचा असा दोन्ही डीएनए आहे, पण प्राण्याच्या डीएनएचं प्राबल्य नाही, तोही यात धरावा. असा भ्रूण चौदा दिवसांपलीकडे ठेवायचा नाही, बाईच्या गर्भाशयात नाही की प्राण्याच्या गर्भाशयात नाही, प्रत्येकाला परवाना हवा. आणि जिथे प्राण्याचं प्राबल्य? ते प्रकरण या कायद्याच्या बाहेर. ते प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या १९८६ च्या कायद्याखाली, उंदीर-सशांच्या बरोबरीने.

आमच्या टीकेचा गाभा इथे आहे. न्यूकॅसलच्या गटाने १ एप्रिल २००८ ला जाहीर केलं की त्यांनी असे भ्रूण बनवले. ते तीन दिवस टिकले, बत्तीस पेशींपर्यंत गेले. बत्तीस पेशींच्या गोळ्याला चेतापेशी नाही, वेदना नाही, इच्छा नाही, आणि पुढे जगण्याची शक्यताही नाही. त्याच्यासाठी संसद जागी राहिली, प्रवचनं झाली. उलट, ज्या प्राण्यात मानवी अंश अगदी थोडा आहे पण जो जन्माला येतो, चालतो, शिकतो, घाबरतो, तो ‘प्राण्याचं प्राबल्य’ म्हणून संसदेच्या डोळ्यांसमोरून निसटला. अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठात २०१३ मध्ये नवजात उंदरांच्या मेंदूत माणसाच्या आधारपेशी, म्हणजे चेतापेशींना सांभाळणाऱ्या ग्लायल पेशी, घातल्या. मोठे झाल्यावर ते उंदीर शिकण्याच्या चाचण्यांत इतर उंदरांपेक्षा सरस ठरले. टक्क्यांच्या हिशेबाने ते उंदीरच. पण कुठल्या जीवाला काय सोसावं लागेल हा आपला प्रश्न असेल, तर बशीतल्या गोळ्यापेक्षा त्या उंदराची चौकशी आधी करायला नको का? मानवी पेशी किती, यापेक्षा त्या कुठे बसल्या आणि तिथे काय करतात, याला महत्त्व आहे. यकृतात असतील तर एक गोष्ट, मेंदूत असतील तर दुसरी.

न्याय म्हणून सांगतो, तिथल्या वैद्यकशास्त्र अकादमीने २०११ च्या अहवालात हे ओळखलं. मेंदू, प्रजननपेशी आणि माणसासारखं रूप, या तीन ठिकाणी विशेष दक्षता हवी असं तिने सांगितलं. रूपाचा मुद्दा आम्हाला तितका पटत नाही. पण मेंदूचा मुद्दा अचूक आहे.

गाईच्या बीजांडांचं पुढे काय झालं? फार काही नाही. २००९ च्या सुरुवातीला संशोधनासाठीचा निधी नाकारला गेल्याच्या बातम्या आल्या. त्याच सुमारास एका अमेरिकी गटाने दाखवलं की गाय, ससा किंवा उंदीर यांच्या बीजांडात बसवलेलं मानवी केंद्रक मूलपेशीसाठी लागणारी जनुकं नीट जागी करतच नाही. तोवर जपानच्या शिन्या यामानाका यांनी बीजांडाशिवाय, साध्या त्वचापेशीला चार जनुकं देऊन मूलपेशीसारखं बनवलं होतं. उंदरात २००६ ला, माणसात २००७ ला. २०१२ चं नोबेल त्यांना मिळालं, जॉन गर्डन यांच्याबरोबर. म्हणजे कॉमन्समध्ये मतदान झालं तेव्हा दुसरी वाट खुली झालेली होती. विज्ञानात असं होतं, त्यात कुणाचा अपराध नाही. पण त्या सहा महिन्यांत अल्झायमर आणि पार्किन्सनच्या रुग्णांची नावं ज्या सहजतेने घेतली गेली, त्याचा हिशेब कुणी दिला? ‘तुम्ही विरोध कराल तर हे रुग्ण मरतील’ असं म्हणणं हे प्रतिपक्षाला गप्प करण्याचं हत्यार आहे. रुग्णाला दिलेलं आश्वासन हाही नीतीचाच विषय आहे. आपल्याकडे कुठल्याही दुखण्यावर मूलपेशींचा इलाज सांगणाऱ्या जाहिराती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

आता आजचं. वाद बशीतून बाहेर पडून गोठ्यात गेला आहे. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या साल्क संस्थेच्या गटाने डुकराच्या भ्रूणात मानवी मूलपेशी सोडल्या. दोन हजारांहून थोडे जास्त भ्रूण, ४१ डुकरिणी, आणि चार आठवड्यांच्या आत काढून तपासलेले १८६ भ्रूण. मानवी पेशी लाखात एकीहून कमी. २०२३ मध्ये चीनच्या ग्वांगझूमध्ये डुकराच्या भ्रूणात असं मूत्रपिंड वाढवलं की त्यातल्या निम्म्याहून जास्त पेशी माणसाच्या होत्या. त्यासाठी १८२० भ्रूण, १३ डुकरिणी. तपासायला घेतलेले भ्रूण पाच. थोड्या मानवी पेशी मेंदूत आणि मज्जारज्जूतही सापडल्या, हे संशोधकांनी स्वतःच नोंदवलं.

आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणारा माणूस तुमच्या घरात असेल, आमच्या घरात होता, तर या बातमीकडे तुम्ही तटस्थपणे बघू शकत नाही. झोनल समितीच्या यादीत नाव घालून वर्षानुवर्षं फोनची वाट बघणं काय असतं ते आम्ही पाहिलं आहे. म्हणून ‘हे सगळं बंद करा’ असं आम्ही म्हणणार नाही. डुकराच्या पोटात माणसाचं मूत्रपिंड वाढलं, यात स्वतःहून काही अनैतिक आहे असं आम्हाला वाटत नाही. डुक्कर खाणाऱ्या जगाला तर तो आक्षेप घेताच येणार नाही. पण मानवी पेशी मेंदूकडे जाणार नाहीत अशी जनुकीय तजवीज आधी करा आणि ती टिकते हे दाखवा, तोवर एकही पिल्लू जन्माला घालू नका, एवढी अट आम्ही घालू. आणि त्या १३ डुकरिणींचा उल्लेख नीतीच्या चर्चेत एका आकड्यापुरता येतो, हेही आम्हाला खटकतं. शेकड्याने भ्रूण पोटात घातलेली, शस्त्रक्रिया झालेली डुकरीण शंभर टक्के डुकरीण असते. तिच्याबद्दल कुणालाही नैतिक गोंधळ होत नाही, म्हणून तिचं कुणी नावही घेत नाही.

माकडाचं प्रकरण वेगळं आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये चीनमधल्या कुनमिंग इथल्या प्रयोगाचा निबंध आला. मकाक माकडाच्या १३२ भ्रूणांत प्रत्येकी २५ मानवी पेशी सोडल्या. गर्भाशयात कुठलाच भ्रूण घातला नाही, सगळं बशीत. एकोणिसाव्या दिवशी तीन भ्रूण उरले होते. एकोणिसाव्या, हे लक्षात घ्या. मानवी भ्रूण चौदा दिवसांपलीकडे वाढवायचा नाही हा संकेत १९८४ च्या वॉर्नक समितीच्या अहवालापासून चालत आला, आणि हा निबंध आला तेव्हाही तो जगभर मानला जात होता. पण हा भ्रूण माकडाचा, मानवी पेशी त्यात पाहुण्या, म्हणून चौदाचा नियम त्याला लागला नाही. पुन्हा तोच टक्क्यांचा न्याय. आणि इथे मात्र रॉबर्ट आणि बेलिस यांचा गोंधळ खरा ठरू शकतो. कारण माकडाचा मेंदू आपल्या मेंदूच्या इतका जवळचा आहे, की त्यात मानवी पेशी रुजल्या तर जन्माला येणाऱ्या जीवाला काय कळेल, काय हवंसं वाटेल, कशाची भीती वाटेल, हे त्याला पिंजऱ्यात घातल्यावरच आपल्याला समजेल. तेव्हा फार उशीर झालेला असेल. असा जीव गर्भाशयात वाढवायला आमचा विरोध आहे. त्यात अपवित्र काही आहे म्हणून आम्ही विरोध करत नाही. त्याचं म्हणणं ऐकायची कुठलीच सोय आपल्याकडे नाही, आणि त्याला जन्माला घालणाऱ्यांनाच त्याला मारायचा अधिकार असणार आहे, म्हणून करतो.

संस्थांच्या नीती-समित्यांवर बसणारे दोन-तीन जण आज इथे आहेत. अर्जाच्या नमुन्यात मानवी पेशींचं प्रमाण किती, असा रकाना असतो. त्याच्या खाली आणखी दोन रकाने घाला: पेशी कोणत्या अवयवात जाऊ शकतात, आणि प्रयोग अमुक टप्प्यावर थांबवण्याचा निर्णय प्रयोगाबाहेरचा कोणता माणूस घेणार. दुसऱ्या रकान्यात नाव लिहिलेलं नसेल तर अर्ज परत पाठवा.